माहितीबाईंचा पाहुणा

"एक माणूस द्या मला! फक्त एक! संध्याकाळपर्यंत तो या देशाच्या प्रेमात पडला नाही, तर नाव लावणार नाही!"

असं म्हणून माहितीबाईंनी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. साहेबांच्या कपातला चहा उडून बशीत उतरला. साहेबांनी आधी बशीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई, नाव तुम्ही तसंही लावत नाही," ते म्हणाले. "सगळे तुम्हाला माहितीबाईच म्हणतात."

ते खरंच होतं. रेल्वे स्टेशनात एक काचेची खोली, तिच्यावर 'माहिती' अशी ठसठशीत पाटी आणि पाटीच्या बरोब्बर खाली बाई बसलेल्या. बघणाऱ्याला वाटायचं, पाटी बाईंचीच! हळूहळू त्यांचं खरं नाव मागे पडलं. घरी नवराही "माहिती, माझा चष्मा कुठाय?" असं विचारू लागला. आणि बाईंना ते माहीतही असायचं.

आता हा देश कुठला, तर असाच एक. नकाशावर अंगठा ठेवला तर अख्खा झाकला जाईल एवढा. पण उभा केवढा! म्हणजे इस्त्री करून सपाट केला असता, तर शेजारच्या दोन्ही देशांच्या अंगावर गेला असता. डोंगरच डोंगर. एकाच्या खांद्यावरून दुसरा डोकावतोय, दुसऱ्याच्या डोक्यावर तिसरा बसलाय. मधल्या घड्यांमध्ये गावं, सरोवरं, झरे, आणि हे सगळं बघायला कोण? कोणीही नाही! शेजारचे दोन्ही देश नावाजलेले. लोक एकातून दुसऱ्यात जाताना या देशातून जायचे ते झोपेत. गाडी बदलायला उतरायचे, फलाटावर जांभया द्यायचे, आणि पाठीमागे बर्फाची अख्खी रांग उन्हात झगमगत असताना वेळापत्रकाचा फोटो काढायचे!

बाईंचा जीव तुटायचा. त्यांनी हा अख्खा देश पालथा घातला होता. त्यांच्या धाकट्या दिराचा खुर्च्या भाड्याने देण्याचा धंदा होता. त्याच्या व्हॅनमध्ये खुर्च्यांच्या ढिगाशेजारी बसून बाईंनी सगळ्या खिंडी पाहिल्या होत्या. एखादं वळण आलं की त्या अजूनही "अगंबाई!" म्हणायच्या. शंभरदा पाहिलेलं वळण, पण अगंबाई ताजं!

साहेबांनी बशीतला चहा पुन्हा कपात ओतला.

"हे बघा, वरून कळवलंय. माहितीची खिडकी बंद करायची. तुमची बदली वजनमापे खात्यात. तराजूंना शिक्के मारायचे."

"तराजूंना?" बाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"एकच आशा आहे. ते मोठे प्रवासलेखक उद्या आपल्याकडे उतरतायत. एक दिवस. परवा सकाळच्या गाडीने जाणार. त्यांनी एखाद्या गावाबद्दल चार ओळी लिहिल्या की तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. ते खूष, तर तुमची खिडकी राहिली. नाहीतर..." साहेबांनी हवेत शिक्का मारला.

बाईंनी लेखकांचं पुस्तक मिळवलं. विटेसारखं जाड. मागच्या बाजूला फोटो : छातीवर रुळणारी दाढी, डोक्यावर टोपी, खांद्याला चामड्याची जुनी पिशवी. असा माणूस लाखांत ओळखू येईल! बाई निर्धास्त झाल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. आणि त्याच फलाटाच्या दुसऱ्या टोकाला शहरातल्या एकुलत्या एक मोठ्या हॉटेलचा मॅनेजर हात चोळत उभा होता. त्याच्या हॉटेलचा बॉयलर बंद पडला होता आणि तो दुरुस्त करायला शेजारच्या देशातून मेकॅनिक येणार होता. हे बाईंना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

गाडीतून दोनच माणसं उतरली. बाईंच्या बाजूला छातीवर रुळणारी दाढी, टोपी आणि चामड्याची जुनी पिशवी. मॅनेजरच्या बाजूला तुळतुळीत हनुवटीचा एक गृहस्थ.

बाई धावल्याच!

"या, या! आमच्याकडेच आलात ना?"

"हो," दाढीवाला म्हणाला. "फोन आला होता. परिस्थिती बिकट आहे म्हणाले."

"फार बिकट! आता तुमच्यावरच सगळं!"

"बघतो. आधी सगळं नीट पाहावं लागेल. वरपासून खालपर्यंत. वरवर बघून मी काही करत नाही."

बाईंच्या अंगावर काटा आला. याला म्हणतात लेखक! त्यांनी त्याची पिशवी घ्यायला हात पुढे केला. पिशवी जमिनीला खिळल्यासारखी जड! पुस्तकं असणार, बाईंना वाटलं. केवढं वाचन!

"भाऊजी, व्हॅन काढा! थेट वर घ्या!"

"किती वर, वहिनी?" दिराने विचारलं.

"वर म्हणजे वर! जिथून सगळं सुरू होतं तिथे!"

पाहुण्याने समाधानाने मान हलवली. "बरोबर. मुळापासूनच बघायला हवं."

व्हॅन निघाली. शहराची शेवटची घरं मागे पडली आणि रस्त्याने डोंगराला वेटोळे घालायला सुरुवात केली. मागे खुर्च्या खडखडत होत्या. पहिल्या वळणावर दरी उघडली आणि बाई म्हणाल्या, "अगंबाई!" पाहुण्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि दाढीवर हात ठेवला. दुसऱ्या वळणावर ढग रस्त्याच्या खाली आले. पाहुण्याने दाढी घट्ट धरून डोळे मिटले. तिसऱ्या वळणानंतर त्याने डोळे मिटायचे सोडून दिले आणि काचेला नाकच लावलं.

एका ठिकाणी धबधबा पडत होता, इतका उंचावरून की निम्म्या वाटेत त्याचं पाणी संपून नुसता धूर होई. बाईंनी व्हॅन थांबवली.

"प्रेशर चांगलंय," पाहुणा पुटपुटला.

बाईंनी दिराला कोपराने ढोसलं. "ऐकलंत? लेखक लोकांची बोलायची तऱ्हाच वेगळी! दुसरा कोणी असता तर 'किती छान' म्हणून मोकळा झाला असता!"

"पाणी बारा महिने असतं?" पाहुण्याने विचारलं.

"बारा महिने!"

"मग खाली का पोचत नाही?"

बाई गहिवरल्या. "हाच तर प्रश्न आहे! एवढं सगळं वर आहे, पण खाली कोणापर्यंत पोचतच नाही! कोणाचं लक्षच नाही हो!"

"देखभाल नाही," पाहुणा गंभीरपणे म्हणाला.

"अगदी माझ्या तोंडचं बोललात!"

पुढे ते गाव आलं. डोंगराच्या मांडीवर बसलेलं, पातळ काळ्या दगडी फरश्यांची छपरं, आणि प्रत्येक छपरावर ऊन असं पडलेलं जणू आत्ताच कोणी तेल लावून पुसून ठेवलंय. गल्ली इतकी चिंचोळी की समोरासमोरच्या बायका आपापल्या खिडकीत बसून एकाच ताटातले तांदूळ मिळून निवडत होत्या. गल्लीच्या मधोमध झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून वाहत होतं. पाहुणा गुडघ्यावर बसला, पन्हळीत हात घातला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"हे कोणी बांधलं?" त्याने एका म्हातारीला विचारलं.

"माहीत नाही बाबा. माझ्या आजीलाही माहीत नव्हतं."

"कधी तुंबलं नाही?"

"कशाला तुंबेल? ते वाहतं ना!"

पाहुण्याने टोपी काढली. पन्हळीला नमस्कार केला की डोकं खाजवलं, हे बाईंना नीट दिसलं नाही. म्हातारीने त्याला चहा दिला. चहा पिताना तो म्हणाला, "बाई, एक सांगू? हे एका दिवसाचं काम नाही."

"सावकाश करा! घाई कसली!"

"एकट्याचंही नाही. मला आणखी माणसं आणावी लागतील."

बाईंच्या हातातून बशी सुटता सुटता राहिली. "माणसं आणाल? खरंच?"

"आणावीच लागतील. पंधरा-वीस तरी."

बाईंनी दिराला बाजूला ओढून नेलं. "भाऊजी, पंधरा-वीस लेखक! तराजू गेले खड्ड्यात!"

झुलता पूल पार करून, मग उंच गवताचा उतार चढून ते सरोवरापाशी पोचले. या सरोवराचं काय सांगावं! चारी बाजूंनी डोंगर ओणवे होऊन आत बघतायत आणि पाणी इतकं स्वच्छ निळं की खरा डोंगर कुठला आणि आतला कुठला, ते बोट बुडवून बघावं लागे. वारा थांबला होता. कुठे पान हललं तरी ऐकू आलं असतं, पण इतक्या उंचावर पानच नव्हतं. दिराने व्हॅनमधून तीन खुर्च्या काढून काठावर मांडल्या. पाहुणा बसला. बाई एरवी अशा ठिकाणी उंची, खोली, क्षेत्रफळ सगळं धडाधडा सांगत, पण आज त्याही गप्प बसल्या.

मग पाहुणा बोलला.

"माझं सगळं आयुष्य तळघरात गेलं, बाई. लोक मला बोलावतात ते खाली. कोणी म्हणून वर बोलावलं नाही. आज पहिल्यांदा."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. लेखकाचं अंतर्मन! खोल, अंधारं! पुस्तकात असंच काहीतरी असणार, आपण नुसतं कव्हर पाहिलं!

"मग आता लिहिणार ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय लिहिणार?"

"हेच! जे वाटतंय ते!"

"मी कशाला लिहू? मी दुरुस्ती करतो." आणि त्याने ती जड पिशवी उघडून आतून आपल्या हाताएवढा एक पान्हा काढला. "तर आता सांगा, इथून पाईप कुठून खाली जातो? आणि बॉयलर कुठाय?"

सरोवराकाठी अशी शांतता पसरली की आधीची शांतता गोंगाट वाटावी!

"वहिनी," दीर कुजबुजला, "लेखक पान्हा वापरतात?"

"काही काही वापरत असतील," बाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला होता. तेवढ्यात पदरात फोन वाजला. साहेब!

"बाई! लेखक कुठेत?"

"इथेच. माझ्या शेजारी. खुर्चीवर."

"मग हॉटेलच्या तळघरात कोण आहे?"

खाली उतरताना वळणांवर बाई एकदाही अगंबाई म्हणाल्या नाहीत. दीर व्हॅन अशी हाणत होता की मागच्या खुर्च्या आपापसात भांडत होत्या. मेकॅनिक मात्र अजूनही काचेला नाक लावून बसला होता. मधेच म्हणाला, "जाताना उजवीकडे बसलो होतो, म्हणून हे दिसलंच नव्हतं!"

हॉटेलच्या तळघराच्या जिन्यावर गर्दी. आचारी, धोब्याकडची बाई, दोन वेटर, सगळे खाली वाकून बघतायत. गर्दी बाजूला सारून बाई खाली गेल्या आणि त्यांनी पाहिलं. तो तुळतुळीत हनुवटीचा गृहस्थ, बाह्या कोपरापर्यंत वर, नाकावर काजळी, गालावर ग्रीस, आणि समोर बॉयलर तृप्त हत्तीसारखा घोंघावतोय!

"चालू झाला!" मॅनेजर आनंदाने नाचत होता. "बाई, काय माणूस आहे हा! अवजारं कुठेत विचारलं, तर डोक्यावर टिचकी मारून म्हणतात, हेच माझं अवजार! सकाळपासून बॉयलरशी बोलतायत. किती वर्षांचा आहेस, काय काय पाहिलंस! शेवटी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि मला काहीतरी समजावून सांगताना ते याच्या पाठीवर आपटलं. धडाड्! आणि झाला की सुरू!"

"साहेब," बाई हात जोडून त्या गृहस्थाला म्हणाल्या, "तुमची दाढी?"

"परवाच काढली. खाज यायची," लेखक म्हणाले. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "तुम्ही कोण?"

"मी माहिती! म्हणजे, माहितीची! तुम्हाला देश दाखवायला आले होते! अजून उजेड आहे. सरोवर बघून येऊ. निदान ते गाव तरी! निदान पहिलं वळण तरी!"

"डोंगर?" लेखकांनी हात झटकला. "अहो, डोंगर मी पोत्याने पाहिलेत! प्रत्येक देशात मला गाडीत घालतात आणि वर नेतात. माझ्या हाताने आयुष्यात काहीही दुरुस्त झालं नव्हतं, बाई. घरी बल्ब बदलायला गेलो तरी बायको शेजाऱ्यांना बोलावते. आणि आज हा बघा! ऐका, कसा आवाज करतोय! मी इथून हलणार नाही."

आणि खरंच हलले नाहीत. जेवण खाली मागवलं. झोपायला वर गेले तेही मॅनेजरने शपथ घातली म्हणून. सकाळी स्टेशनावर निघताना वाट वाकडी करून बॉयलरला टाटा करून गेले.

मेकॅनिकला काम उरलंच नव्हतं. तो त्याच गाडीने परत निघाला. खिडकीतून बाईंना म्हणाला, "बाई, तुम्ही फसलात याचं मला वाईट वाटतं. पण मी फसलो याचं अजिबात वाटत नाही."

बाईंनी मान हलवली.

काही महिन्यांनी लेखकांचा लेख आला. साहेबांनी तो बाईंच्या काचेवर आतून नव्हे, बाहेरून चिकटवला, म्हणजे सगळ्या जगाने वाचावा! लेख सुरेख होता. मोठा होता. सगळाच्या सगळा त्या तळघराबद्दल होता. बॉयलरच्या आवाजावर एक अख्खा परिच्छेद होता. डोंगरांबद्दल एवढंच : 'येताना वाटेत काही चढ लागला.'

"काही चढ!" बाई ओरडल्या. "या देशाला? काही चढ!"

"महिनाअखेर खिडकी बंद," साहेब म्हणाले आणि हवेत शिक्का मारून गेले.

बाईंनी आवराआवर सुरू केली. भिंतीवरचा सरोवराचा फोटो उतरवला, गुंडाळला, पुन्हा उलगडून पाहिला, अगंबाई म्हणाल्या आणि पुन्हा गुंडाळला. इतक्यात गाडी आली. आणि गाडीतून माणसं उतरायला लागली. उतरतायत, उतरतायत, संपतच नाहीत! बायका, पोरं, सासवा, बोचकी, आणि सगळ्यांच्या पुढे छातीवर रुळणारी दाढी!

"म्हटलं होतं ना माणसं आणावी लागतील!" मेकॅनिक हसत हसत खिडकीशी आला. "हे सगळे आमच्यातलेच. कोणी बॉयलरवाले, कोणी पंपवाले, कोणी गटारवाले. सगळ्यांचा जन्म खाली गेला. मी परत गेल्यापासून यांना त्या पाण्याबद्दल सांगतोय. आधी म्हणाले, गप्पा मारतोस. आता दाखवा यांना वर काय आहे ते!"

बाईंनी काचेचं दार धाडकन उघडलं, बाहेर आल्या आणि भर फलाटावर रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "भाऊजींना फोन करा! म्हणावं, खुर्च्या काढा, माणसं भरायचीयत!"

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका! व्हॅन वर-खाली, वर-खाली. धबधब्यापाशी सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "प्रेशर चांगलंय!" गावातल्या त्या पन्हळीभोवती तर ही गर्दी. एक जाडजूड पंपवाला तिच्याशेजारी आडवा पडून कान लावून ऐकत होता आणि त्याची बायको त्याचा फोटो काढत होती. सरोवरापाशी पोचल्यावर मात्र सगळे गप्प. एक सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "इतकी वर्षं हे इथेच होतं? आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही?"

"मी सांगत होते हो," माहितीबाई म्हणाल्या. "पण काचेच्या आतून."

साहेबांनी वर कळवलं : पर्यटक आले. वरून उत्तर आलं : खिडकी चालू ठेवा. साहेब स्वतः पेढ्यासारखा चेहरा करून सांगायला आले.

आणि त्याच संध्याकाळी हॉटेलात, सगळी मंडळी जेवायला बसलेली असताना, खालून आवाज आला. घर्रर्र. मग फुस्स. मग काहीच नाही. बॉयलर बंद!

मॅनेजर धावत जेवणाच्या हॉलमध्ये आला. आला आणि त्याच्या लक्षात आलं. शेजारच्या देशातले झाडून सगळे मेकॅनिक आपल्यासमोर ताटावर बसलेले! त्याचा चेहरा फुलला. त्याने हात जोडले.

"मंडळी! बॉयलर बंद पडलाय! आपल्यापैकी कोणीतरी जरा..."

कोणाचीही मान वर झाली नाही. चमचे तेवढे वाजत राहिले.

"मी सुट्टीवर आहे," पंपवाला म्हणाला.

"मी पण," गटारवाला म्हणाला.

मॅनेजरने केविलवाण्या नजरेने दाढीवाल्याकडे पाहिलं. दाढीवाल्याने शांतपणे तोंड पुसलं. "साहेब, मी पाहुणा आहे इथे. तुम्ही त्या लेखकांना कळवा. तोवर त्यांचं पुस्तक हवं असेल तर माझ्याकडे आहे. जाड आहे."

आता मॅनेजरने माहितीबाईंकडे पाहिलं. बाई ताडकन उभ्या राहिल्या. "पाहुण्यांना कामाला लावायचं नाही! हा देश बघायला आलेली पहिली माणसं आहेत ती! सकाळी प्रत्येकाला कढत पाणी मिळेल. माझा शब्द!"

शब्द तर देऊन झाला. आता पाळणार कसा?

उजाडताच बाईंच्या स्वयंपाकघरातल्या चारी शेगड्यांवर चार पातेली चढली होती. घरभर वाफ. दीर बादल्या भरतोय, व्हॅनमध्ये चढवतोय, हॉटेलवर पोचवतोय, रिकाम्या घेऊन परत येतोय. बाई घामाने निथळत पातेल्यामागून पातेली उतरवतायत. हॉटेलात पाहुणे गुणगुणत आंघोळी करतायत आणि एकमेकांना सांगतायत, काय देश आहे, काय पाणी आहे!

इतक्यात बाईंचा नवरा खांद्यावर टॉवेल टाकून स्वयंपाकघराच्या दारात आला.

"माहिती, माझ्या आंघोळीचं पाणी?"

बाईंनी पाचव्या फेरीची शेवटची बादली दिराच्या हातात दिली आणि नळाकडे बोट दाखवलं.

"ते काय. थेट सरोवरातून येतं!"